नोकरी पुण्याची, दलाली इस्लामपूरची

मागच्या दोन महिन्यांत तुमच्या ज्या व्हॉइस नोट आल्या, त्यातला एक प्रश्न सारखा कानावर येतोय. "दादा, नोकरी करत करत प्लॉटचं काम करता येतं का? किती सुटतात?" प्रश्न विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच. कॅम्पसमधून लागलेले, चार-पाच वर्षं झालेली, पगारवाढ नावापुरती आणि घरी हप्ता चालू. तर आजचा भाग त्यावर.

माझ्याबद्दल थोडक्यात. बीटेक, कॉम्प्युटर. नोकरी पुण्याच्या एका कंपनीत, पण महिन्यातले तीन आठवडे मी घरून, म्हणजे इस्लामपुरातून काम करतो. २०२५ मध्ये सरकारनं गावाचं नाव ईश्वरपूर करायचं ठरवलं, पण जुने दस्त सगळे इस्लामपूरच्या नावानं आहेत आणि माझ्या तोंडातही तेच बसलंय, सांभाळून घ्या. शनिवार-रविवार आणि संध्याकाळी मी जमीन-प्लॉटच्या व्यवहारात मध्यस्थी करतो. तीन वर्षं झाली. आमच्याकडे याला सरळ "दलाली" म्हणतात. कार्डावर "रिअल इस्टेट कन्सल्टंट" छापलं तरी चौकात लोक "एजंट आला" असंच म्हणणार, त्यामुळे मी कार्डच छापलेलं नाही.

आधी पैशाचं बोलून घेऊ, नाहीतर तुम्ही पुढे ढकलत ढकलत ऐकाल. तीन वर्षांत माझे अकरा व्यवहार झाले. सगळ्यात लहान कमिशन ८,००० रुपये, सगळ्यात मोठं ९०,०००. सगळं मिळून साधारण ३ लाख ४० हजार. छत्तीस महिन्यांनी भागलं तर महिन्याला साडेनऊ हजारांच्या आतच. त्यातून पेट्रोल, चहा, उतारे, झेरॉक्स वजा करा. आणि हे दर महिन्याला येत नाही. पहिल्या वर्षी सलग सात महिने शून्य होतं. समोरचा माणूस इसार देतो, मग त्याच्या मेव्हण्याला दिशा पटत नाही आणि व्यवहार मोडतो. त्यामुळे यूट्यूबवर "साइड इन्कम महिना एक लाख" बघून जे इकडे यायला निघालेत, त्यांनी थोडं थांबावं. हप्ता भरायला हा पैसा धरू नका. गावात कमिशनचा रिवाज एक ते दोन टक्क्यांचा. समजा गुंठ्याला पाच लाखानं तीन गुंठ्यांचा प्लॉट गेला, तर पंधरा लाखांवर एक टक्का म्हणजे पंधरा हजार. त्यात ओळख काढून देणारा आणखी एखादा असतोच, मग त्याचे अर्धे.

आता काम काय असतं ते सांगतो. लोकांना वाटतं प्लॉट दाखवणं हे काम. ते सोपं आहे हो. रविवारी सकाळी गाडी काढायची, वाघवाडी, कामेरी, आष्टा रोड फिरवून आणायचं. पेठ-सांगली रस्ता चौपदरी व्हायला लागल्यापासून सगळ्यांना त्याच रस्त्याला जागा पाहिजे, आणि प्रत्येक विकणारा म्हणतो "आपली जागा हायवे टच". टच म्हणजे मधे दोन बांध आणि एक ओढा. खरं काम आहे कागद. आणि इथं तुमच्या-माझ्यासारख्याला खरोखर थोडा फायदा आहे.

सातबारा म्हणजे जमिनीची आजची स्थिती. फेरफार म्हणजे तिचा गिट लॉग. कुणी, कधी, कशाच्या आधारे नाव घातलं, काढलं, सगळा इतिहास त्यात. आम्ही कोड रिव्ह्यू करताना नुसती शेवटची फाइल बघत नाही ना? तसंच इथं. नुसत्या सातबारावर व्यवहार करणारा माणूस शेवटची फाइल बघून प्रॉडक्शनला टाकतोय. एकदा एका जागेच्या उताऱ्यावर दोन भावांची नावं होती, स्वच्छ, कुठं काही नाही. मागचे फेरफार काढले तर वारस नोंदीत तीन बहिणी. मग त्या गेल्या कुठं? हक्कसोडपत्र विचारलं तर भाऊ म्हणाले, "बहिणींचं काय, त्या भाऊबीजेला येत्यात की." नोंदणी केलेलं हक्कसोड नव्हतंच. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीनं दिलाय, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की तो जन्मानं आहे, दुरुस्तीच्या वेळी वडील हयात होते की नव्हते याचा संबंध नाही. तो व्यवहार मी सोडला नाही, थांबवला. तिन्ही बहिणी सहीला आल्या, दोघींनी वाटा घेतला, एकीनं नको म्हटलं. चार महिने गेले. विकणारे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, पण घेणारा सुखात आहे.

आणि "इतर हक्क" हा रकाना. मोबाइलवर उतारा बघताना माणूस डाव्या बाजूची नावं वाचतो आणि बंद करतो. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, कुळाची नोंद, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं त्या उजव्या कोपऱ्यात. वर "भोगवटादार वर्ग २" लिहिलं असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. शेतजमीन असेल तर घेणाराही शेतकरी पाहिजे. पुण्या-मुंबईचे मित्र फोन करतात, "एक एकर ऊसाचं रान बघ माझ्यासाठी." मी पहिला प्रश्न विचारतो, तुझं नाव कुठल्या सातबाऱ्यावर आहे का? डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, चहापेक्षा फार महाग नाही. एक गंमत सांगतो. बाहेरची मंडळी वेबसाइटवर "इस्लामपूर तालुका" शोधत बसतात. तो नाहीच. तहसील कचेरी इस्लामपुरात, पण तालुका वाळवा. आणि नगरपरिषदेच्या नावात आधी उरुण येतं.

बरं, परवाना लागतो का? रेरा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात महारेरा मे २०१७ पासून. नोंदणी झालेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकायला मदत करणारा एजंट स्वतः नोंदणीकृत पाहिजे. व्यक्तीला फी १०,००० रुपये, मुदत पाच वर्षं. २०२३ पासून वर २० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. परीक्षा अवघड नाही, पण जेईईच्या आठवणी घेऊन जाऊ नका, कायद्याची भाषा वेगळी असते. नंबर "ए" नं सुरू झाला तर तो एजंटचा, "पी" नं सुरू झाला तर प्रकल्पाचा. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, म्हणजे पाच गुंठ्यांच्या आसपासच, आणि प्लॉट किंवा फ्लॅट आठाच्या वर असतील तर प्रकल्पाची नोंदणी लागतेच. बिगरनोंदणी एजंटला दिवसाला १०,००० पर्यंत दंड, चढत चढत मिळकतीच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. आपलं कमिशन एक टक्का, बघा. काकांचं जुनं घर मित्राला विकून दिलं, असल्या व्यवहाराला ही नोंदणी लागत नाही. पण बिल्डरच्या स्कीमचं पोस्टर व्हॉट्सअप स्टेटसला टाकून "संपर्क करा" लिहिणाऱ्यांनो, ते एजंटचंच काम आहे. जाहिरातीवर महारेरा नंबर आणि क्यूआर कोड नसेल तर ती पुढे पाठवूच नका. आणि गिऱ्हाइकाला एक सांगून ठेवा, नोंदणीकृत करार व्हायच्या आधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागायचा बिल्डरला अधिकार नाही.

आता तुमच्यातल्या अर्ध्यांची खरी भीती. कंपनीला कळलं तर?

२०२२ आठवतंय का? विप्रोच्या रिशद प्रेमजींनी मूनलाइटिंगला सरळ फसवणूक म्हटलं आणि सप्टेंबरमध्ये ३०० जणांना काढल्याचं सांगितलं. ते लोक प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करत होते, हा भाग बातमीत मागे पडला. त्याच वर्षी स्विगीनं परवानगी घेऊन बाहेरचं काम करायची सोय काढली. इन्फोसिसनं आधी कडक मेल पाठवली आणि ऑक्टोबरमध्ये मॅनेजरच्या संमतीनं छोटी कामं करता येतील असं सांगितलं. म्हणजे एका वर्षात तीन तऱ्हा. तुमचं उत्तर बातमीत नाही, तुमच्या ऑफर लेटरमध्ये आहे. माझ्या करारात "लेखी परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय नाही" असं वाक्य होतं. मी पहिल्या व्यवहाराच्या आधीच एचआरला मेल केली: काम कसलं, कधी करणार, आयटीशी संबंध नाही. दहा दिवसांनी उत्तर आलं, तीन अटी. ऑफिसच्या वेळेत नाही, ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही, सहकाऱ्यांना विकायचं नाही. तिसरी अट मला सगळ्यात आवडली. काही मित्र म्हणतात, कमिशनवर पीएफ कापला जात नाही, कुणाला कळतंय? अरे, गाव केवढं, तुझ्या टीम लीडचा मावसभाऊ आष्ट्याचा निघाला तर?

शिस्त मात्र लागते. मंगळवारी दुपारी स्टँडअप चालू असताना फोन येतो, "साहेब, मोजणीवाले आलेत, या की." मी नाही जात. सायलेंटवर असतो. दोन व्यवहार यामुळं हातचे गेले, पूर्णवेळ करणाऱ्यानं नेले. ठीक आहे. पगार तिकडून येतो.

टॅक्सचं पटकन. बिल्डर किंवा फर्म कमिशन देते तेव्हा वर्षाला २० हजारांच्या वर गेलं की टीडीएस कापते, ऑक्टोबर २०२४ पासून दोन टक्के. ४०,००० चे ३९,२०० हातात. छोट्या धंद्याला ठराविक टक्के नफा दाखवून मोकळं होण्याची जी सोय आहे, ती दलालीच्या उत्पन्नाला नाही. त्यामुळे नेहमीचा साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो, पण पेट्रोल, फोन, नोंदणी फी असे खर्च वजा होतात, बिलं जपून ठेवा. जीएसटीची नोंदणी वर्षाला वीस लाखांपर्यंत लागत नाही, त्यामुळे आपल्याला सध्या चिंता नाही. (हसतो) आणि रोख. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. हे मी सांगतो तेव्हा विकणारा माझ्याकडे असा बघतो की जणू मी पुण्याहून नाही, मंगळावरून आलोय.

आता जे सांगायचं म्हणून हा भाग केला, ते.

माझ्या एका मित्राचे आई-वडील. कृष्णाकाठच्या गावात राहतात, नाव सांगत नाही. २०१९ ला घरात छातीएवढं पाणी. आठवतंय ना, सांगलीत आयर्विन पुलाजवळ साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं होतं. दुरुस्ती करून उठतात तोवर २०२१ ला पुन्हा. काकूंनी तेव्हाच सांगितलं, आता या घरात तिसऱ्यांदा चिखल काढायचा नाही. इस्लामपूर नदीपासून लांब, उंचावर. दोन गुंठे पाहिजेत, बास. ऊसबिलातून साठवलेले, दोन म्हशी विकलेल्या, काकूंच्या पाटल्या.

मंजूर लेआउटमधला बिगरशेती प्लॉट त्यांच्या पैशात बसत नव्हता. मग एकानं गावाबाहेर जागा दाखवली. ऊस काढून सपाट केलेलं रान, फक्की मारून पाडलेले तुकडे, कोपऱ्यात दगड. भाव जवळपास निम्मा. आणि मला कमिशन किती माहितीये? ५०,००० रुपये. दोन गुंठ्यांवर! अशा जागेला कमिशन जास्तच असतं, कारण विकायची अडचण जास्त असते.

अडचण अशी की शेतजमिनीचा असा तुकडा खरेदीखतानं नोंदवता येत नाही. तुकडेबंदीच्या कायद्यात प्रमाणभूत क्षेत्र ठरलेलं आहे, २०२३ च्या अधिसूचनेनं बागायताला १० गुंठे, जिरायताला २०. म्हणून लोक दोन वाटा काढतात. एक, पाच-सहा जण मिळून सामाईक खरेदी करतात, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, पण कुणाचा कोपरा कुठला हे कुठंच नाही. दुसरी, बाँडवर लिहून नोटरी. नोटरीनं मालकी येत नाही. ती फक्त सांगते की या माणसानं माझ्यासमोर सही केली. २०२५ मध्ये सरकारनं जुन्या तुकड्यांना नियमित करायची वाट काढली, पण ती १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत झालेल्या व्यवहारांना. विकणारा काय म्हणाला? "काळजी नगा करू, मागच्या तारखंचा बाँड हाय आपल्याकडं."

मी काकांना तिथंच बाजूला घेतलं. म्हटलं, काका, हे नको. तारीख खोटी आहे, उद्या हाच माणूस हाच तुकडा आणखी कुणाला लिहून देईल, तुमचं नाव कुठंच लागणार नाही, बँक कर्ज देणार नाही. काका गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "बाळा, तुझं समदं खरं. पण एनए आमच्या ऐपतीत कुठं बसतंय? पाणी आमच्या घरात आलं, कायद्याच्या घरात न्हाई आलं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. कायदा बरोबर आहे, रस्ता-गटार नसलेल्या वस्त्या मी बघितल्यात. पण दोन म्हशी विकून दोन गुंठे घेणाऱ्या माणसाला मंजूर लेआउटमध्ये परवडेल असं काही कुणी बांधत नाही, हेही तितकंच खरं. मी सात महिने त्यांच्यासाठी शोधलं. आधीच नियमित झालेला एक जुना गुंठेवारी प्लॉट सापडला, दीड गुंठ्याचा, तो दुसऱ्यानं दोन दिवस आधी टोकन देऊन उचलला.

शेवटी त्यांनी तीच जागा घेतली. दुसऱ्या एजंटकडून. पत्र्याच्या दोन खोल्या झाल्यात, लाइटचं मीटर आलंय, दारात काकूंनी तुळस लावलीय. आतापर्यंत काहीही वाईट झालेलं नाही, आणि होऊ नये असंच मला मनापासून वाटतं. मधे काका एकदा घरी आले. नियमित करायचा अर्ज भरायचा होता. "तू कॉम्प्युटरवाला हाईस, तेवढा भरून दे." अर्जात व्यवहाराची तारीख लिहायची होती. मी म्हटलं काका, बाकी सगळं भरतो, फाइल लावून देतो, पण ती तारीख माझ्या हातानं लिहिणार नाही. ते कागद गोळा करून उठले. चहा अर्धा तसाच. मित्रही दोन महिने फोन उचलत नव्हता, आता उचलतो, पण विषय काढत नाही.

लोक मला विचारतात, एवढे कागद काय बघतोस, समोरच्याला घाई आहे, तुला कमिशन मिळतंय. या गावात २०१९ ला कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण झालं. जोडधंदा म्हणून शेतकऱ्यांनी पैसे घातले, पार राज्यभर गाजलं. तेव्हापासून इथं जादा पैशाचं काही सांगायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "तू कुणाचा?" मी अमक्याचा मुलगा, एवढ्यावर मला दार उघडतात. ज्याला या गावातच राहायचंय त्याला ते दार सांभाळावं लागतं. पुण्यातल्या पार्ट-टाइम एजंटला ही अडचण थोडी कमी असेल.

तुमच्यातल्या एकानं विचारलंय, नातेवाइकाकडून कमिशन घ्यायचं का. मी घेतो, अर्धं, आणि पहिल्या फोनलाच सांगतो. मागाहून सांगितलं की लग्नात जेवायला वाढत नाहीत. दुसऱ्यानं विचारलंय, वकील लागतोच का. लागतो. मी कागद वाचतो ते व्यवहार पुढे न्यायचा की नाही एवढं ठरवायला. मालकीचा शोध वकिलानंच घ्यायचा आणि त्याची फी घेणाऱ्यानंच द्यायची, माझ्या कमिशनमधून नाही, म्हणजे वकील कुणाचा हा प्रश्न राहत नाही.

पुढच्या भागात स्क्रीन दाखवून एक सातबारा आणि त्याचे फेरफार ओळीनं वाचू, माझ्याच घरच्या रानाचे. तुमच्या गावचा उतारा जवळ घेऊन बसा. भेटू.